कानाला आधी उत्तर सांगू नका

वाचकांचे प्रश्न : घरातला आवाज

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या वडिलांनी १९८६च्या सुमारास घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आमच्याकडे आहे, अजून चालतो. स्पीकर आम्ही मध्यंतरी बदलले. परवा दुकानात पंचावन्न हजारांचा एक नवा ॲम्प्लिफायर ऐकला. आवाज एकदम मोकळा, भरलेला वाटला. यजमान म्हणतात, जुन्याचा गोडवा नव्याला नाही. धाकटा भाऊ म्हणतो, ॲम्प्लिफायर सगळे सारखेच, पैसे पाण्यात घालू नकोस. दुकानदार शनिवार-रविवार नवा सेट घरी ठेवायला तयार आहे. दोन दिवसांत खरं काय ते कसं ठरवायचं? आणि मला गाण्यातलं फारसं कळत नाही, तर माझं मत धरायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो वाचून मला वाईट वाटलं. तुमचं मत धरायचं, पूर्ण धरायचं. मी नोकरीची सगळी वर्षं नभोवाणीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणावर होते. माइक चार बोटं सरकवला की आवाजात काय बदललं, हे कित्येकदा चहा घेऊन आत आलेला मुलगा आमच्याआधी सांगायचा. गाणं तो शिकलेला नव्हता. आम्ही काय हलवलंय हेही त्याला ठाऊक नसायचं, आणि म्हणूनच त्याचं बोलणं मी मोलाचं धरायचे. तुमच्या घरात तिघांना तीन उत्तरं आधीच माहीत आहेत. तुम्ही नव्याच्या बाजूने झुकला आहात, यजमान जुन्याच्या, आणि भावाला फरक ऐकूच यायला नको आहे. या दोन दिवसांत काम एकच : कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे हे तिघांपासूनही लपवायचं.

त्याआधी दुकानातल्या त्या ‘भरलेल्या’ आवाजाकडे बघू. आवाज किंचित मोठा केला तर आपल्याला तो मोठा झाल्यासारखा वाटत नाही, चांगला झाल्यासारखा वाटतो. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी माणसाचा कान कोणत्या पट्टीचा स्वर किती तीव्रतेला किती ऐकतो, हे मोजून काढलं. आवाज लहान असताना खर्जाकडचे स्वर आपल्याला फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते मधल्या पट्टीपेक्षा झपाट्याने वर येतात. त्यामुळे बाकी काही न बदलता नुसता आवाज वाढवला तरी डग्गा भरदार होतो, तंबोऱ्याची जवारी खुलल्यासारखी वाटते. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. दोन-तीन डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून लगेच ओळखू येतो. अर्ध्या डेसिबलचा तसा ओळखू येत नाही. तो ‘जास्त जिवंत’, ‘जास्त मोकळा’ अशा शब्दांत बाहेर पडतो. दुकानात नव्याचं बटण कुठवर फिरवलेलं होतं, घरी तुमच्या जुन्याचं कुठे असतं, हे कुणी मोजलेलं नाही. शिवाय तिथले स्पीकर वेगळे, खोली वेगळी. त्या ऐकण्यावरून काहीही ठरवू नका.

म्हणून शनिवारी सकाळी पहिलं काम मोजण्याचं. एक मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारं छोटं यंत्र, लागेल. विकत घेताना एक गोष्ट बघा : अगदी स्वस्त मीटरवर एसी व्होल्टची पट्टी २००पासूनच सुरू होते आणि ०.१ व्होल्टच्या खालचं काही दिसत नाही. तो इथे कामाचा नाही. एसीला २ व्होल्टची पट्टी असलेला, तीन दशांश स्थळं दाखवणारा हवा. सीडी प्लेअर किंवा फोन, जे नेहमी वापरता त्यातून वाय केबलने (एका तारेच्या दोन करणाऱ्या) दोन्ही ॲम्प्लिफायरना एकच गाणं द्या. मग १००० हर्ट्‌झचा टेस्ट टोन, म्हणजे एकाच पट्टीचा सलग स्वर, लावून, मीटरच्या पिना एकमेकींना लागू न देता स्पीकरच्या मागच्या टोकांवर व्होल्टेज बघा. जुन्याचा आवाज १ व्होल्टवर आणा, मग तेच स्पीकर नव्याला जोडून त्याचाही तेवढाच. एक टक्क्याच्या आत जुळलं पाहिजे, म्हणजे एकाचं १.००० आणि दुसऱ्याचं फार तर १.०१०. हा फरक ०.१ डेसिबलपेक्षाही कमी भरतो. साधा मीटर १००० हर्ट्‌झला थोडं चुकीचं वाचेल, पण दोन्हींना सारखंच चुकीचं वाचेल, त्यामुळे तुलनेला बाध येत नाही. डावी-उजवी दोन्ही बाजू मोजा. जुन्या व्हॉल्यूम बटणात दोन बाजू बहुधा समान नसतात. ते बॅलन्सच्या बटणाने जुळवा. जुळलं की बटणांवर चिकटपट्टी लावा आणि रविवार संध्याकाळपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका.

मोजण्याआधी आणखी एक बघायचं. त्या काळच्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ असं लिहिलेलं एक बटण बहुधा असेल. आवाज लहान असताना खर्ज कमी ऐकू येतो, तो भरून काढण्यासाठी ते खर्ज उचलून देतं. वर्षानुवर्षं ते दाबलेलंच राहतं आणि घरातले विसरून जातात. तुमच्या यजमानांना आवडणारा गोडवा त्या बटणातून येत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. चाचणीपुरतं ते बंद करा, दोन्हींचे बास-ट्रेबल मधोमध ठेवा. गोडवा त्यातलाच निघाला तर तो फुकटचा आहे, तुलना संपल्यावर बटण खुशाल दाबा.

आता लपवण्याचं. एका स्पीकरच्या जोडीवर दोन ॲम्प्लिफायर बदलून लावणारी स्विचची पेटी मिळाली तर उत्तम, पण ती आधीचं कनेक्शन पूर्ण तोडून मगच पुढचं जोडणारी आणि दोन्ही तारा बदलणारी हवी. बऱ्याच नव्या ॲम्प्लिफायरमध्ये काळी तार अर्थला जोडलेली नसते, म्हणून काळ्या तारा एकत्र बांधून चालत नाही. दोन ॲम्प्लिफायरची टोकं कोणत्याही क्षणी एकमेकांना लागता कामा नयेत. दोन्हींचा जीव जाईल. (व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर असलेल्या इतर वाचकांनी ही पद्धत वापरू नये. स्पीकर न जोडता त्याला गाणं दिलं तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.) पेटी नसेल तर तारा हाताने बदला, गाणं आधी थांबवायचं, आणि तारा उघड्या असतील तर ॲम्प्लिफायरही बंद करायचा.

हे काम घरातल्या अशा कुणाकडे द्या, ज्याला निकालाशी देणंघेणं नाही. आठवी-नववीतली मुलगी असेल तर फार छान, या वयाची मुलं हे मन लावून करतात. ॲम्प्लिफायर टेबलाखाली, समोर चादर. दर फेरीला आधी जुना आणि नवा नाव सांगून थोडं थोडं ऐकवायचं, मग तिने चादरीआड नाणं उडवायचं : छापा पडला तर जुना, काटा पडला तर नवा. पडलं ते वहीत लिहायचं, तारा काढून पुन्हा लावायच्या. तोच ॲम्प्लिफायर राहणार असला तरी काढून लावायच्याच, नाहीतर वेळेवरून आणि खटक्यावरून कळतं. नाणं उडवल्यावर तिने समोर यायचं नाही, बोलायचं नाही. ऐकणाऱ्याने ‘जुना’ किंवा ‘नवा’ एवढंच कागदावर लिहायचं. एका वेळी एकच जण ऐकणार, बाकीचे दुसऱ्या खोलीत. एखाद्याने नुसतं ‘अहाहा’ म्हटलं तरी बाकीच्यांचे कान तिकडे वळतात.

माणशी सोळा फेऱ्या करा, मध्ये विश्रांती घेऊन, दोन दिवसांत वाटून. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आल्या तर फरक ऐकू येतो असं धरायला हरकत नाही, कारण निव्वळ अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शेकडा चारच्या आसपास असते. आठ-नऊ आल्या तर तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरवर, या आवाजाला तुम्हाला फरक ओळखता आला नाही, एवढंच सिद्ध झालं. भावाला तेवढ्यावर ‘सगळे सारखेच’ असं म्हणू देऊ नका. त्याचा दावा जगातल्या सगळ्या ॲम्प्लिफायरबद्दल आहे आणि तुम्ही दोनच ऐकले आहेत.

ऐकायला काय लावायचं? सुरुवात तंबोऱ्याने करा. चाल बदलणाऱ्या गाण्यात कुठला फरक गाण्याचा आणि कुठला यंत्राचा, हे कळणं अवघड जातं. तंबोरा एकसारखा वाजत राहतो, आणि त्यात खर्जापासून वरच्या बारीक झणकारापर्यंत सगळं एकाच वेळी हजर असतं. आवाजाचा पोत कानात फार थोडा वेळ टिकतो, म्हणून तुकडे लहान ठेवा, दहा-पंधरा सेकंदांचे. पेटी असेल तर हे झटपट जमेल. तारा हाताने बदलत असाल तर फार बारीक फरक निसटतील, पण पंचावन्न हजार द्यावेत असा फरक निसटणार नाही. तंबोऱ्यानंतर कुमार गंधर्व, भीमसेनजी, जे तुमच्या घरात नेहमी वाजतं ते लावा.

माझा अंदाज विचाराल तर सांगते. १९७८ साली ब्रिटनमध्ये जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाने क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांचे ॲम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, आवाज जुळवून आणि नावं लपवून अनुभवी श्रोत्यांना ऐकवले. श्रोत्यांची उत्तरं अंदाजाने दिल्यासारखीच निघाली. नीट चालणारे दोन चांगले ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर साध्या आवाजाला ओळखू येणं कठीण असतं. पण तुमचा जुना ‘नीट चालणारा’ आहे का, हा खरा प्रश्न आहे. इतक्या वर्षांत त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेले असू शकतात. तुम्हाला फरक साफ ऐकू आला आणि जुना घोगरा किंवा गुरगुरणारा वाटला, तर नवा घेण्याआधी जुना एखाद्या चांगल्या कारागिराला उघडून दाखवा. वडिलांची वस्तू आहे. कपॅसिटर बदलण्याचा खर्च पंचावन्न हजारांच्या जवळपासही जाणार नाही.

प्रश्न : नाशिकमधल्या एका शोरूममध्ये स्पीकर ऐकायला गेलो होतो. त्यांनी पडदा लावून तीन जोड्या ऐकवल्या आणि आम्हा सगळ्यांनी महागातली जोडीच निवडली. पडदा होता म्हणजे चाचणी निर्मळ झाली असं मानायचं का? घरी माझ्या जुन्या स्पीकरशी तुलना कशी करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पडदा होता हे चांगलंच, पण आवाज कुणाच्या हातात होता? स्पीकरची संवेदनशीलता माहितीपत्रकात छापलेली असते. एकाची ८६ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल, तर व्हॉल्यूमचं बटण तसंच ठेवून दुसरा ४ डेसिबल मोठा वाजतो. वरच्या उत्तरात अर्ध्या डेसिबलची गोष्ट केली, हे तर त्याच्या आठपट झालं. पडद्याआड कोणती जोडी भिंतीलगत होती आणि कोणती पुढे, हेही तुम्हाला दिसलं नाही.

अंधारात घेतलेली चाचणीही हवी तशी वळवता येते, याचं जुनं उदाहरण एडिसनच्या कंपनीचं आहे. १९१५पासून त्यांनी अमेरिकेत गावोगाव ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवायचे, गाणं चालू राहायचं, दिवे लागले की गायिका रंगमंचावर नाही आणि यंत्रच गातंय असं दिसायचं. १९१६मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड यांचा असा कार्यक्रम झाला होता. लोक थक्क व्हायचे. पण गायिका आपला आवाज यंत्राइतका आणि यंत्रासारखा ठेवून गात. तुलनेतली एक बाजूच दुसरीला जुळवून घेत होती, आणि तेच नेमकं श्रोत्यांना माहीत नव्हतं.

याउलट, नीट चाचणी कशी असते ते स्पीकर बनवणाऱ्या हर्मन कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बघायला मिळतं. पडद्याआड हवेच्या दाबावर चालणारं यंत्र दोन-तीन सेकंदांत एक स्पीकर बाजूला नेऊन दुसरा हुबेहूब त्याच जागी आणतं. शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी १९९४मध्ये तिथल्याच चाळीस माणसांना तेच चार स्पीकर एकदा बघून आणि एकदा न बघता ऐकायला लावले. बघून ऐकताना मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले, हे तुम्हालाही अपेक्षित असेल. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. स्पीकरची जागा किंवा वाजणारं गाणं बदललं की आवाजात खराखुरा फरक पडत होता. न बघता ऐकताना त्याच लोकांना तो कळत होता, बघून ऐकताना कळेनासा झाला. डोळ्यांनी नसलेला फरक दाखवला तर आहेच, असलेलाही झाकला. ‘मला पडद्याची गरज नाही, माझे कान तयार आहेत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. ते चाळीस जण त्याच धंद्यातले होते.

तुमच्या घरी असं यंत्र नाही, पण जागेचं पथ्य पाळता येईल. प्रत्येकाचा एकच स्पीकर घ्या, जोडी नको. एका स्पीकरवर दोष जास्त स्पष्ट कळतात आणि हलवायलाही सोपं जातं. फरशीवर खडूने चौकोन आखा आणि ज्याची पाळी त्याला त्या चौकोनात ठेवा. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्‌झचा खर्ज भिंतींमध्ये घुमतो. स्पीकर फूटभर सरकला तरी त्याचा भरणा बदलतो, आणि तो बदल तुम्ही स्पीकरच्या नावावर मांडाल. पंखा बंद, टीव्ही बंद, खिडक्यांची स्थिती तीच. आवाज जुळवण्यासाठी बसायच्या जागी फोन ठेवा, त्यात ध्वनिपातळी दाखवणारं ॲप घ्या आणि पिंक नॉइझ (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेला सलग खळखळाट) वाजवून अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा खरा नसला तरी चालतो, कारण दोघांना माप तेच आहे.

पडद्याला जाड कापड घेऊ नका, ते वरचे बारीक स्वर खातं. जुनी मलमलची ओढणी किंवा विरलेली सुती साडी उत्तम. ज्यातून फुंकर आरपार जाते त्यातून आवाजही जातो.

आणि माझी आवडती कसोटी : घरातल्या माणसाचं बोलणं. आईला किंवा पत्नीला वर्तमानपत्रातला परिच्छेद मोकळ्या गच्चीत वाचायला सांगून मुद्रित करा, म्हणजे खोलीचा घुमारा त्यात येणार नाही. मग स्पीकरशेजारी बसून त्यांनी तोच परिच्छेद वाचायचा आणि पाठोपाठ मुद्रण वाजवायचं. बीबीसीच्या संशोधन विभागातले अभियंते स्पीकर पारखताना प्रत्यक्ष बोलण्याशी अशी तुलना करत असत. एखादी गायिका समोर बसून कशी ऐकू येते, हे आपल्यापैकी थोड्यांना माहीत असतं. आईचा आवाज सर्वांना पाठ असतो. तो नाकातून आल्यासारखा किंवा पिंपातून आल्यासारखा वाटला की त्या स्पीकरची बाजू पडली, किंमत काहीही असो.

प्रश्न : वय एकाहत्तर. निवृत्त शिक्षक. साठवलेल्या पैशांतून स्वतःसाठी चांगले स्पीकर घ्यायचे आहेत. मुलगा म्हणतो, बाबा, या वयात तुम्हाला फरक कळणार नाही, मी निवडतो. त्याचं बरोबर आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर, निवड तुम्हीच करा. ऐकणार तुम्ही आहात.

वयाने सर्वांत आधी जातात ते सगळ्यात वरचे स्वर, १०–१२ हजार हर्ट्‌झच्या पलीकडचे. पियानोची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्‌झला संपते. गाणाऱ्याचा मूळ स्वर त्याच्याही बराच खाली असतो. म्हणजे गाण्याचा गाभा तुमच्या ऐकण्यात असण्याची शक्यता पुष्कळ आहे. मुलाच्या म्हणण्यात तथ्य एवढंच, की ऐकू कमी येत असेल तर निवड डळमळते. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन मंडळात असताना टूल यांनीच १९८०च्या दशकात हे पाहिलं होतं : ज्यांचे कान कमी झाले होते, त्यांचे गुण दर वेळी बदलायचे. तेव्हा आधी कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचं किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या. आणि दुकानात एका दिवशी ठरवू नका. शोरूमवाल्यांना सांगून दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळच्या वेळी ऐका, आवाज जुळवून आणि नावं झाकून. दोन्ही दिवशी तुम्ही तोच स्पीकर निवडलात तर तुमचा कान ठाम आहे. मुलालाही तीच चाचणी द्या, त्याची निवड तरी दोन दिवस टिकते का, हे त्याला कळू द्या.

श्रवणयंत्र वापरत असाल तर ऐकताना ते घालूनच बसा, कारण घरी तसंच ऐकणार आहात. मात्र त्यात बोलण्यासाठी आणि संगीतासाठी वेगळे कार्यक्रम असतील तर संगीताचा लावून घ्या. बोलण्याचा कार्यक्रम तंबोऱ्यासारख्या सलग सुराला कधीकधी गोंगाट समजून दाबतो. आणि गाण्याआधी बातम्या किंवा कीर्तन लावा. ‘स’ आणि ‘श’ तुम्हाला वेगळे ऐकू आले पाहिजेत, कानाला न टोचता. ज्या स्पीकरवर आवाज न वाढवता शब्द कळतात, तो वेगळा काढून ठेवा आणि मग त्यावर गाणं ऐका.